आधी वापरून पाहू, मग ठरवू

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आणि शहरांच्या जुन्या पेठांत अशी एक खोली सापडते. कधी देवळाच्या मागे, कधी वाचनालयाच्या तळमजल्यावर, कधी ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यालयाला लागून. दारावर ‘रुग्णोपयोगी साहित्य केंद्र’ अशी पाटी असते. आत भिंतीला टेकवलेल्या घडीच्या व्हीलचेअर, एकात एक अडकवलेले वॉकर, कमोड खुर्च्या, कुबड्यांच्या जोड्या, गुंडाळून ठेवलेल्या एअर बेडच्या गाद्या आणि कोपऱ्यात जागा अडवून बसलेला फाउलर बेड. टेबलावर नोंदवही आणि पावतीपुस्तक. घरात कुणाचे खुब्याचे हाड मोडले, कुणाला पक्षाघात झाला की शेजारचे कुणीतरी सांगते, “विकत कशाला घेताय, केंद्रातून आणा की.” अनामत भरायची, महिन्याचे नाममात्र भाडे द्यायचे आणि गरज संपली की वस्तू परत करून अनामत घेऊन जायची.

मराठी समाजाने ही व्यवस्था कुणी न सांगता उभी केली. तिच्यासाठी कायदा झाला नाही, अर्थसंकल्पात तिच्या नावाचे लेखाशीर्ष नाही. तरी हजारो घरांची अडचण तिने भागवली आहे. हे पुस्तक या खोलीविषयी आहे, आणि या खोलीत अजून जे होत नाही त्याविषयीही आहे. उपकरण उसने मिळणे ही या कामाची एक बाजू. ते घेण्याआधी जाणत्या माणसाच्या सोबतीने दोन-चार प्रकार हाताळून पाहायला मिळणे ही दुसरी. पहिली बाजू आपल्याकडे रुजली आहे, दुसरी जवळजवळ नाही. त्यातही पहिली रुजली ती आजारी माणसासाठी. जन्मभर उपकरणाच्या आधाराने शिकणार, नोकरी करणार, प्रवास करणार अशा दिव्यांग माणसासाठी ती खोली अजून उघडलेली नाही.

गरज किती मोठी आहे, हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये मिळून काढलेल्या अहवालातून दिसते. चष्म्यापासून कृत्रिम पायापर्यंत आणि श्रवणयंत्रापासून बोलक्या सॉफ्टवेअरपर्यंत किमान एक सहाय्यक साधन लागते अशी माणसे जगात अडीचशे कोटींहून अधिक आहेत. २०५० पर्यंत हा आकडा साडेतीनशे कोटींवर जाईल असा अंदाज आहे. श्रीमंत देशांत गरजूंपैकी ९० टक्क्यांपर्यंत लोकांना साधन मिळते, काही गरीब देशांत जेमतेम ३ टक्क्यांना. भारतात २०११ च्या जनगणनेने २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले. त्यानंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले. वार्धक्यामुळे ज्यांची नजर, कान किंवा गुडघे थकले त्यांची गणती यात फारशी येतच नाही.

पण साधन मिळणे आणि ते वापरात राहणे यांत मोठे अंतर आहे. बेट्सी फिलिप्स आणि हाँगशिन झाओ या दोन संशोधकांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या २२७ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना मिळालेल्या साधनांपैकी २९.३ टक्के साधने पुढे टाकून दिली गेली होती. कारणे चार निघाली: निवड करताना वापरणाऱ्याचे मत विचारले गेले नव्हते, वस्तू फार सहज हाती आली होती, ती नीट काम करत नव्हती, किंवा माणसाची गरजच बदलली होती. यातले दुसरे कारण वाचून दात्यांना वाईट वाटेल. पण फुकट आणि चटकन मिळालेली वस्तू पारखायला वेळच मिळत नाही, आणि मग ती माळ्यावर जाते. चौथे कारण तितकेच बोलके आहे. मूल वाढते, आजार पुढे सरकतो, घर बदलते. कायमची म्हणून दिलेली वस्तू दोन वर्षांत चुकीची ठरू शकते.

आपल्या सरकारी योजना या बाजूने पाहाव्यात. दिव्यांगांना साधने देणारी केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्यासाठी बरीचशी साधने पुरवणारी ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी १९७२ मध्ये कानपूरला स्थापन झाली. गरीब ज्येष्ठांसाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आली. या योजनांमधून लाखो लोकांच्या हाती तीनचाकी सायकली, श्रवणयंत्रे, काठ्या पोहोचल्या. ज्या घरात एरवी काहीच पोहोचले नसते तिथे पोहोचल्या, आणि ही गोष्ट लहान नाही. मात्र या योजनांचा मुख्य मार्ग शिबिराचा आहे. आधी तपासणी आणि मोजमापाचे शिबिर, त्यानंतर काही काळाने वाटपाचे. मधल्या काळात मुलाची उंची वाढलेली असते. वाटपाच्या दिवशी मांडव, पाहुणे, छायाचित्रे आणि रांग. त्या गडबडीत व्हीलचेअरचे पायटे वर-खाली करून मांडीला योग्य आधार मिळतो का हे पाहायला कुणाला सवड असणार? त्यात एडिपमध्ये मोठ्या माणसाला एकदा साधन मिळाले की साधारणपणे तीन वर्षे पुन्हा मागता येत नाही. नको ते साधन पदरात पडले तर तीन वर्षे ते सांभाळायचे.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली तेव्हा मार्ग बदलला. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या पात्र ज्येष्ठांच्या बँक खात्यात एकरकमी ३,००० रुपये. वस्तू लादण्याऐवजी निवड माणसाकडे दिली, हे स्वागत करण्यासारखे पाऊल आहे. पण निवडायचे कुठे? तालुक्याच्या औषध दुकानात काठीचे दोन प्रकार आणि कमरेच्या पट्ट्याचे तीन आकार असतात. दुकानदार त्याला जे ठाऊक आहे ते सांगतो. साधी चप्पलसुद्धा आपण पायात घालून चार पावले चालल्याशिवाय घेत नाही. ज्या वस्तूवर पुढची काही वर्षे शरीराचा तोल सोपवायचा ती मात्र खोक्यातून थेट घरी जाते.

प्रात्यक्षिक म्हणजे नेमके काय, हे इथे सविस्तर सांगायला हवे, कारण ‘प्रदर्शन’ आणि ‘प्रात्यक्षिक’ यांची सरमिसळ नेहमी होते. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजीला पहिला ‘पर्पल फेस्ट’ भरला. असे उत्सव नव्या उपकरणांची ओळख करून देतात, दिव्यांग माणसे मोठ्या संख्येने एकत्र येतात, त्यातून उत्साह येतो. पण उत्सव काही दिवसांनी संपतो आणि तिथल्या मंचावर बहुधा विक्रेता आपलीच वस्तू दाखवतो. प्रात्यक्षिकात एका गरजेसाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या किमतींच्या वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, आणि दाखवणाऱ्याला त्यातली कोणतीही विकायची नसते.

एक बैठक डोळ्यांसमोर आणू. सत्तरीच्या एका बाईंची मध्यवर्ती दृष्टी कमी झाली आहे. पोथी वाचता येत नाही, ही त्यांची तक्रार. समोर ट्रेमध्ये साधे भिंग, दिव्याचे भिंग, कागदावर टेकवून सरकवायचे घुमटाकार भिंग आणि छोट्या पडद्याचा डिजिटल मॅग्निफायर. केंद्रातला कार्यकर्ता आधी वस्तू दाखवत नाही, आधी विचारतो: पोथी कुठे बसून वाचता, उजेड कुठून येतो, हात कापतो का, किती वेळ वाचायचे असते? हात थरथरत असेल तर हातात धरायचे भिंग अक्षरावर ठरत नाही. टेकवायचे भिंग ठरते, पण ओळ संपली की पुढच्या ओळीचा आरंभ शोधताना अडचण होते. डिजिटल पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे स्पष्ट दिसतात, पण त्याची बॅटरी रोज कोण चार्ज करणार? त्यांची सून बोलते, मग त्या स्वतः बोलतात. तासाभराने कदाचित असे ठरते की त्यांना टेबलावरचा चांगला दिवा आणि टेकवायचे स्वस्त भिंग पुरे आहे. महागडी वस्तू नको, हेही त्या तासाचेच फलित.

काही साधनांना तास पुरत नाही. आयआयटी दिल्लीत विकसित झालेली ‘स्मार्टकेन’ पांढऱ्या काठीला न कळणारे, गुडघ्यावरच्या उंचीचे अडथळे ध्वनिलहरींनी ओळखते आणि मुठीत कंपन देते. केंद्राच्या मोकळ्या व्हरांड्यात ती उत्तमच वाटेल. दादरच्या फुटपाथवर, फेरीवाले आणि उभ्या केलेल्या दुचाकींच्या गर्दीत, ते कंपन वाट दाखवते की गोंधळ उडवते, हे ज्याच्या हातात काठी आहे त्यालाच दोन आठवड्यांनी कळेल. बोलू न शकणाऱ्या मुलासाठी चित्रांवर बोट ठेवले की आवाज काढणारे टॅबलेटवरचे अॅप असते. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ हे त्यातले माहितीचे नाव. त्याच्याशी मूल रमते का, शाळेत बाई त्याला वेळ देतात का, घरात बोलली जाते ती भाषा त्यात नीट बसते का, हे महिनाभर घरी आणि शाळेत वापरल्याशिवाय समजणारच नाही. म्हणून प्रात्यक्षिकाला उसनवारीची जोड लागते.

ही जोड कायद्याने बांधून देणारा देश अमेरिका. तिथे १९८८ मध्ये सहाय्यक तंत्रज्ञानाचा पहिला कायदा झाला, १९९८ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि २००४ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीने राज्यांना चार कामे नेमून दिली: साधनांचे प्रात्यक्षिक, अल्पकाळासाठी उसने देणे, वापरलेल्या साधनांचा पुनर्वापर आणि खरेदीसाठी कमी व्याजाच्या कर्जासारखी आर्थिक मदत. संघराज्याकडून येणाऱ्या पैशाचा साधारण ६० टक्के किंवा त्याहून जास्त भाग या चार थेट कामांवरच खर्च करायचा, असे बंधन आले. सर्व राज्ये आणि आश्रित प्रदेश मिळून असे ५६ कार्यक्रम आज चालतात. २०२२ मध्ये कायदा पुन्हा नवा करण्यात आला.

कार्यक्रम कुणी चालवायचा हे प्रत्येक राज्य ठरवते. ओक्लाहोमात तो राज्य विद्यापीठाकडे आहे, जॉर्जियात जॉर्जिया टेक या तंत्रविद्यापीठाकडे. उसने देण्याची कारणेही ठरलेली आहेत: निर्णयाआधी वापरून पाहणे, स्वतःचे साधन दुरुस्तीला गेले असताना किंवा मंजुरीची वाट पाहताना तात्पुरती सोय, थोड्या दिवसांची विशेष गरज, आणि शिक्षक किंवा थेरपिस्टना शिकण्यासाठी. कॅन्सस राज्यात गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून घेतलेली व्हीलचेअर किंवा पलंग गरज संपल्यावर परत मिळवतात, स्वच्छ आणि दुरुस्त करून पुढच्या गरजूला देतात. सरकारने एकदा मोजलेला पैसा दोन-तीन घरांत उपयोगी पडतो.

या अमेरिकी व्यवस्थेतली एक गोष्ट मात्र आपल्या प्रत्येक केंद्राने जशीच्या तशी उचलावी. तिथे केंद्राचे यश किती वस्तू वाटल्या यावर मोजत नाहीत. वापरून पाहिल्यावर किती लोकांना निर्णय घेता आला, यावर मोजतात. ‘हे साधन माझ्या कामाचे नाही’ हा निर्णयही यशाच्याच रकान्यात जातो. आपल्या अहवालांत फक्त ‘लाभार्थी संख्या’ असते. नको असलेली वस्तू नाकारणारा माणूस त्या रकान्यात कुठेच बसत नाही, म्हणून कुणी त्याला नाकारायची संधीच देत नाही.

आता पैशाकडे वळू. पुस्तकाचा अर्धा भाग त्यासाठीच आहे, आणि तो वाजवी आहे.

आपल्याकडे वस्तूसाठी पैसा मिळतो. वाढदिवसाला, स्मृतिदिनाला लोक व्हीलचेअर देतात. तिच्या पाठीवर नाव रंगवता येते. साधी घडीची खुर्ची काही हजारांत येते, देणगीदाराला ती दिसते, हात लावता येतो. पण ती खुर्ची परत आल्यावर पुढच्या माणसाला देण्याजोगी करणाऱ्या हातांसाठी पैसा मिळत नाही. त्या हातांचे काम काय असते ते जवळून पाहायला हवे.

खुर्ची परत आली. आधी तिला जंतुनाशक ब्लीचने पुसायचे, पण ते तसेच राहिले तर लोखंड गंजते, म्हणून नंतर ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुन्हा पुसायचे. पुढच्या छोट्या चाकांच्या आसात केस आणि धागे गुंडाळलेले असतात. ते काढले नाहीत तर चाक अडते आणि खुर्ची एका बाजूला ओढते. मागच्या चाकांत हवा कमी असेल तर ब्रेक लावूनही तो टायरला घट्ट टेकत नाही, आणि माणूस खुर्चीतून उठताना खुर्ची मागे सरकते. हा अपघात पंपाने टळतो. बसण्याच्या कापडाला झोळ आला असेल तर कंबर वाकडी पडते आणि दीर्घकाळ बसणाऱ्याला जखमा होतात. पायटे तर हमखास हरवलेले असतात. हे सगळे तपासून नोंदवहीत लिहायला एका माणसाला चांगला वेळ लागतो. एअर बेडच्या पंपाची नळी, बॅटरीवरच्या खुर्चीची बॅटरी, ही वेगळीच कामे. बॅटरी महिनोन्‌महिने चार्जिंगविना पडली की ती वापराआधीच मरते, आणि नवीन बॅटरीसाठी पुन्हा देणगीदार शोधावा लागतो.

म्हणून या क्षेत्रात टिकलेल्या संस्थांचा हिशेब पाहणे उपयोगी ठरते. जेरुसलेममध्ये १९७६ साली उरी लुपोलियान्स्की या शिक्षकाने घरातून वाफाऱ्याची यंत्रे उसनी द्यायला सुरुवात केली. त्यातून ‘याद सारा’ ही संस्था उभी राहिली. आज इस्रायलभर तिच्या शंभराहून अधिक शाखा आहेत, वैद्यकीय साधने परत मिळणाऱ्या अनामतीवर दिली जातात आणि काम मुख्यतः स्वयंसेवकांवर चालते. लुपोलियान्स्की पुढे जेरुसलेमचे महापौर झाले. संस्थेने दुरुस्तीला दुय्यम मानले नाही, तिच्या दुरुस्ती कार्यशाळांत निवृत्त कारागीर काम करतात. आपल्या प्रत्येक गावात निवृत्त फिटर, सायकल दुरुस्तीवाले, एसटी आगारातून बाहेर पडलेले मेकॅनिक आहेत. त्यांना केंद्रात कुणी बोलावलेले नाही.

पैशाचे मार्ग आपल्याकडेही आहेत, फक्त त्यांचे तोंड या कामाकडे वळवावे लागेल. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. पुष्कळ ठिकाणी ती रक्कम वर्षअखेरीस माणशी थोडी थोडी वाटून संपवली जाते. त्यातून एक केंद्र, एक प्रशिक्षित कार्यकर्ता आणि दुरुस्तीचे साहित्य उभे राहू शकते. २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, तेव्हा असा प्रस्ताव कुणाकडे मांडायचा हा प्रश्न उरलेला नाही. केंद्र सरकारने शिबिरांऐवजी कायमस्वरूपी तपासणी आणि वाटपासाठी ‘प्रधानमंत्री दिव्याशा केंद्रे’ सुरू केली आहेत. त्यांत उसने देण्याची सोय जोडणे ही मोठी उडी नव्हे.

कंपन्यांचा सामाजिक निधी हा दुसरा मार्ग. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला लावली. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर अशा निधीतून घेतलेली भांडवली वस्तू कंपनीला आपल्या मालकीची ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत संस्थेकडे, सार्वजनिक प्राधिकरणाकडे किंवा लाभार्थींच्या गटाकडे असावी लागते. उसन्या साधनांच्या केंद्राला हे नियम सोयीचे आहेत. मात्र अर्ज लिहिताना बहुतेक संस्था खरेदीची यादी जोडून थांबतात. पगार, दुरुस्ती, वाहतूक, विमा आणि किती वर्षांनी कोणते साधन बाद करायचे याचा तक्ता जोडला तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्यांदाच कळते की हे काम चालू राहणार आहे.

अनामतीविषयी विश्वस्तांची मते टोकाची असतात. काहींना ती गरिबावर अन्याय वाटते, काहींना तिच्याशिवाय वस्तू परत येणार नाही याची खात्री असते. या लेखकाचे मत असे की अनामत असावी, ती माफ करण्याचा अधिकार काउंटरवरच्या माणसाला असावा, आणि माफीचे कारण नोंदवहीत लिहावे. महिन्याअखेरीस विश्वस्तांनी फक्त तो रकाना वाचावा. कुणाला माफी मिळाली, कुणाला नाकारली, त्यावरून केंद्र कुणासाठी चालले आहे ते कळते. अनामतीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणे मात्र सक्तीचे मानावे. ती चालू खर्चात वापरली गेली आणि एकाच आठवड्यात दहा जण वस्तू परत करायला आले, तर केंद्राची पत जाते.

शेवटची बाब मनुष्यबळाची. प्रात्यक्षिक देणारा माणूस फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असेल तर उत्तम, पण तालुक्यात तो मिळेलच असे नाही. जिथे मिळणार नाही तिथे साधन स्वतः वापरणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला प्रशिक्षण देऊन त्या कामावर पगारावर नेमावे. पगार हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या दृष्टिहीनांसाठीच्या केंद्रासारख्या ठिकाणी स्क्रीन रीडर आणि ब्रेल साधने शिकण्याची, वापरून पाहण्याची सोय झाली आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या त्या केंद्रासारखी आणखी ठिकाणे नागपूर, लातूर, सिंधुदुर्गात उभी करायची तर माणसे तयार करावी लागतील. ती कशी निवडायची, किती दिवस शिकवायचे, काय शिकवायचे आणि त्यांचा पगार पहिल्या तीन वर्षांत कुठल्या निधीतून द्यायचा, याचा तपशील पहिल्या प्रकरणातच दिला आहे. इमारत आणि खरेदी यांची प्रकरणे त्यानंतर येतात.